मला ठेवून सगळे उडाले

या मित्रांनो, बसा. पाण्याच्या टाकीखाली सावली आहे, तिथं सरका. मला हात लावू नका, गंज लागेल. तुमच्यासमोर उभा आहे तो एका उभ्या पंख्याचा पाय. पंखा कधीच मेला, मी राहिलो.

चेन्नईत तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये, जिथं बिनलग्नाची पोरं खोल्या करून राहतात ना, तिथं माझी पहिली नोकरी. डोक्यावर पंखा गरगर फिरायचा, खाली तुकोजी चटईवर घोरायचा. तंजावरकडचा मराठा, अड्यारला कचेरीत कारकून. पुढं लग्न झालं, सईबाई आली, याच गल्लीत घर झालं. पंखा जळाला. भंगारवाला दारात आला तर तुकोजी म्हणाला, "पाय नाही द्यायचा. पाय जड आहे, वाऱ्यात हलणार नाही."

कारण त्याला तेव्हा रॉकेटचं खूळ लागलं होतं. खेळण्यातलं नव्हे हो! पुठ्ठ्याची नळी, बाल्साच्या हलक्या लाकडाचे पंख, खाली बोटभर इंजिन, वर टोपी. सूं करून आभाळात जातं, वर गेल्यावर फट् करून टोपी उघडते, आतून पॅराशूट निघतं आणि रॉकेट हळूहळू खाली येतं. असं रॉकेट सरळ जायला एक दांडा लागतो. तुकोजीनं माझ्या डोक्यात पोलादी दांडा ठोकला. खाली जाळ लागू नये म्हणून सईबाईच्या मुरुक्कूच्या, म्हणजे चकल्यांच्या, डब्याचं झाकण बसवलं.

"डबा उघडा पडला माझा!" सईबाई ओरडली. "आता मुरुक्कू मऊ झाले की तुमच्या रॉकेटालाच चारा."

झालो मी लाँच-स्टँड. दर रविवारी सकाळी तांबरमच्याही पुढं, एका सुकलेल्या एरीत आमची स्वारी. एरी म्हणजे तळं. उन्हाळ्यात आटलं की सपाट मैदान. परवानगी काढलेली असायची. तुकोजी, सईबाई आणि तिसरा राघोत्तम. राघोत्तमला सगळे रायर म्हणायचे, तुकोजीचा कचेरीतला जोडीदार. तोंडात कायम पान आणि पानाच्या आड कायम एक मत.

काय भांडायचे हो दोघं! पंख चिकटवायला पांढरा गोंद बरा की झटपट चिकटणारा? तुकोजी म्हणायचा, पांढरा लाव आणि रात्रभर वाळू दे. रायर म्हणायचा, "तुमचं वाळेपर्यंत माझं चंद्रावर जाऊन येईल, राजे." आणि रायरचा पंख पहिल्याच उड्डाणात गळून पडायचा. टोपी बांधायला इलॅस्टिक की दोरा? रायर चड्डीचं इलॅस्टिक काढून आणायचा. एकदा ते वरच तुटलं. नळी एकीकडे, टोपी दुसरीकडे, आणि रायर मधे उभा राहून सांगतोय की दोष वाऱ्याचा.

सईबाई मध्ये पडायची नाही. पण तिचं काम चोख. इंजिनाच्या फटक्यानं पॅराशूट जळू नये म्हणून मधे काहीतरी भरावं लागतं. हे दोघं निरनिराळे कागद आणून डोकं खाजवत बसले होते. तिनं जेवणाच्या पिशवीतून केळीचं हिरवं पान काढलं, फाडलं, कोंबलं. पॅराशूटला डागसुद्धा पडला नाही. तेव्हापासून केळीचं पान.

पॅराशूटही तिचंच. फाटक्या छत्रीचं निळं कापड कापून शिवलेलं. घडी तीच घालायची, चंदनाची पावडर भुरभुरून, आणि घालायची ती मैदानावरच. हा या धंद्यातला पक्का नियम आहे मित्रांनो. पॅराशूटची घडी उडवायच्या जरा आधीच घालायची. घरून घालून आणली तर आपल्या चेन्नईच्या दमट हवेत कापड कापडाला धरतं, आणि वर गेल्यावर उघडत नाही.

बटण दाबताना तुकोजी उलटे आकडे मोजायचा. शून्य आलं तरी सईबाई दाबू द्यायची नाही. "घरातून निघणाऱ्याला नुसतं जा म्हणतात का? जाऊन ये म्हणावं." मग रॉकेटकडं बघून म्हणायची, "जाऊन ये गं." मगच बटण. रायर पोट धरून हसायचा.

आणि मी? माझ्या दांड्यावरून सगळी सरकून वर गेली. मी एकही पाहिलं नाही नीट. मान वर करायला मला मानच नाही. सगळे धावायचे रॉकेटमागं आणि मी मैदानात एकटा, तापलेलं झाकण पोटाशी घेऊन. पण परत यायचे हो. भांडत भांडत यायचे. लांबून आवाज आला की समजायचं, आले आपले.

मग तो रविवार. त्या दिवशी पहाटे सईबाईच्या छातीत दुखत होतं. कुणाला बोलली नाही. मैदानावर वाकवणार नाही असं वाटलं असेल, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा तिनं घडी घरीच घातली, तांबडीच्या नळीत सरकवली, टोपी लावली. तांबडी म्हणजे त्यांचं सगळ्यात देखणं रॉकेट. मैदानावर कुणी गेलंच नाही. दवाखान्यातून तुकोजी एकटा आला.

मला गच्चीवर आणून ठेवलं. तांबडी खाली कपाटात. माझ्या दांड्याला शेजारच्या विजयलक्ष्मी अम्मांनी वाळत घालायची दोरी बांधली. ज्या दांड्यावरून तांबडी गेली त्याला लोकांचे बनियन! कावळे येऊन बसायचे. गंज चढला. माणसं विसरली तर लोखंडाला राग येत नाही मित्रांनो, थंडी वाजते. चेन्नईच्या उन्हात थंडी!

वर्षश्राद्ध झालं आणि रायर गच्चीवर आला. दोघं माझ्याजवळच उभे.

"राजे, पुढच्या रविवारी तांबडी उडवूया. वहिनींच्या नावानं."

"उडवूया की," तुकोजी म्हणाला. "आहे तशी."

"आहे तशी कशी? घडी वर्षभराची आहे. उघडणार नाही. दगडासारखी पडेल, चिंध्या होतील. आधी उघडा, नवी घाला."

"ती सईची घडी आहे."

"अहो, पण नियम..."

"नियम मला शिकवू नको रायर! तिच्या हाताचं तेवढंच राहिलंय. ते मी उघडू?"

रायरचं डोकं फिरलं. "मग ठेवा कपाटात, पूजा करा! तुम्हाला रॉकेट नको, देवळी पाहिजे."

"पो!" तुकोजी तमिळमध्येच ओरडला. चालता हो म्हणून. आणि रायर गेला. जिना उतरताना पान थुंकलासुद्धा नाही, म्हणजे बघा किती लागलं असेल.

त्यानंतर कुणी आलं नाही. तुकोजी संध्याकाळी वर यायचा, दोरीवरचा शर्ट काढायचा, माझ्याकडं न बघता उतरायचा. घरात एक माणूस, गच्चीवर एक पाय. बोलायला दोघांनाही कुणी नाही, आणि एकमेकांशी बोलता येत नाही.

मार्गळीचा, म्हणजे डिसेंबरातला, पाऊस लांबला त्या वर्षी. भिंती ओल्या, कपाटं ओली. एका उघडीपीच्या सकाळी तुकोजी तांबडी घेऊन वर आला. टोपी काढून नळीत नाक घातलं. बुरशी! चंदनाच्या पावडरीला कुबट वास मारत होता. ज्याला जपत होता तेच आतल्या आत कुजायला लागलं होतं.

तो माझ्या शेजारी खाली बसला. निळी पुडी बाहेर काढली, हातावर धरली. उघडायला गेला, थांबला. परत गेला, परत थांबला. मग खिशातून फोन काढला.

"रायर? ये. एकट्यानं होत नाही."

रायर आला तो पानसुद्धा न लावता. मांडी घालून समोर बसला. तुकोजीनं एक कोपरा सोडला. "बघून ठेव," म्हणाला, "कुठून कुठं दुमडलंय ते. परत अशीच घालायची आहे." दुसरा कोपरा सोडला, तिसरा. कापड चरचरत सुटत होतं. शेवटी छत्रीचं सगळं निळं मोकळं झालं. माझ्या दांड्यावर वाळत घातलं त्यांनी, बनियन बाजूला सारून.

वाळल्यावर तुकोजी घडी घालायला बसला. जमेना. चार वेळा पुडी सुटली. डोळ्यांत पाणी. "गेली रायर. हरवली घडी."

रायर बघत होता. एकदम मांडीवर थाप मारली. "अहो, हा विडा आहे!"

"काय?"

"विडा! मला जेवण झाल्यावर बांधून द्यायच्या ना वहिनी? दोन बाजू आत, टोक वर, आणि शेवटचं टोक खोचायचं. मी इतकी वर्षं उघडून खाल्लेत. आणा इकडं." आणि त्या पान खाणाऱ्या बोटांनी सईबाईची घडी जशीच्या तशी घातली. "आता सोडा परत. खरी मैदानावर घालू. नियम आहे."

तुकोजी हसला. कितीतरी दिवसांनी.

एरी आटेपर्यंत थांबले. मग एका रविवारी माझी दोरी सोडली, दांड्याला खोबरेल तेल चोळलं. मैदानावर केळीचं पान, पावडर, विडा. तांबडी माझ्या दांड्यावर चढली. वायर लावली. तुकोजीनं आकडे मोजले. शून्य आलं. बोट बटणावर, पण दाबवेना. जी 'जाऊन ये' म्हणायची तिची जागा रिकामी होती.

तेव्हा, जो पोट धरून हसायचा ना, तोच रायर घसा खाकरून म्हणाला, "जाऊन ये गं."

सूं! दांडा थरथरला, झाकण तापलं. मला काय दिसणार? कान देऊन होतो. वर फट् झालं. मग काहीच नाही. काहीच नाही. आणि मग तुकोजी ओरडला, "उघडलं! रायर, उघडलं रे!"

धावले दोघं. म्हातारे पाय, पण धावले. मी एकटा राहिलो. ऊन चढलं. एक बकरी येऊन केळीचं उरलेलं पान खाऊन गेली. मनात आलं, आनंदात विसरले मला. मग लांबून आवाज आला.

"सांगत होतो, वारा आहे, पॅराशूटला मधे भोक ठेवा!"

"तुझ्या चड्डीचं इलॅस्टिक नव्हतं, म्हणून तरी आली खाली!"

आले आपले.

तर मित्रांनो, तुमच्या घरी कुणाच्या हातची घडी ठेवली असेल तर मधूनमधून उघडा, ऊन दाखवा, कुणाला तरी शिकवून ठेवा. एकट्यानं होत नसेल तर भांडलेल्याला हाक मारा. आणि खाली जाताना तुकोजीला सांगा, पावसाळा येतोय, पायाला तेल लावायचं राहिलंय.

जा आता. छे, काय बोललो! जाऊन या.