बोरन्हाणाची मोजणी

"ओन्ली इलेव्हन?" मी ताडकन उभी राहिले.

स्कूल बोर्डाच्या मीटिंगमध्ये पडद्यावर तक्ता लावला होता. ओक ग्लेन परिसर, जानेवारी १९८६: निवृत्त माणसं वाढली, पाच वर्षांखालची मुलं अकरा. म्हणून ओक ग्लेन शाळा जूनमध्ये बंद. तिथल्या ऑफिसात मी सहा वर्षं क्लार्क. माझी नोकरी गेली असती ते एक वेळ सोडा, पण एवढ्याएवढ्या पोरांनी रोज फ्रीवेपलीकडच्या शाळेत जायचं?

"फोनवरून सर्व्हे केलाय, मिसेस दामले. भर दुपारी, घरोघरी," अध्यक्षा मिसेस हॉलंड म्हणाल्या.

फोन! अपार्टमेंटांत नव्याने आलेल्या बायका मोठ्या मुलाचं नाव घालायला ऑफिसात येत, तेव्हा प्रत्येकीला मीच पढवलं होतं, की अनोळखी इंग्लिश आवाज आला तर 'नो थँक यू' म्हणायचं नि ठेवून द्यायचं, काहीतरी विकणारे असतात मेले. मराठी, पंजाबी, फिलिपिनो, अफगाण, सगळ्यांनी माझं तंतोतंत ऐकलं होतं. माझ्याच हाताने मी पायावर धोंडा पाडून घेतला होता!

"शनिवारी सकाळी शाळेत या," मी म्हटलं. "मुलं दाखवते."

घरी माझा नवरा उल्हास म्हणाला, "यार सुलभा, एवढी पोरं एका जागी आणणार कशी?"

"संक्रांत परवाच झाली ना? बोरन्हाण करते. सगळ्यांच्याच पोरांचं."

"आणि बोरं?"

"बोरं नसली तर नसू देत. पोरं आहेत ना!"

लगेच फोन फिरवला. "नो थँक यू," पहिलीच बाई म्हणाली आणि खाडकन ठेवला. कपाळ माझं! मग दोन दिवस दारोदार फिरले.

शनिवारी शाळेच्या जिममध्ये चादरी अंथरून पोरं मधोमध बसवली. अफगाण आजीबाईंनी मनुका आणल्या होत्या, फिलिपिनो आयांनी गोळ्या, आणि कुरमुरे आमचे. सगळ्याजणींनी मिळून पोरांच्या डोक्यांवरून खाऊ ओतला आणि असा कल्ला झाला की काय सांगू! मिसेस हॉलंड त्या गर्दीत पेन्सिल घेऊन मोजत होत्या. मोजलेलं पोर रांगत पुढे जाई, की पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा मोजल्यावर त्या मोठ्याने म्हणाल्या, "सिक्स्टी-सेव्हन."

माझे डोळे भरून आले. फोनचं सगळं खरंखरं सांगून टाकलं, म्हटलं, चूक माझी होती. त्या कितीतरी वेळ हसत राहिल्या. सोमवारी बोर्डाने एकमताने शाळा राखली.

शनिवारी मात्र मिसेस हॉलंड कागदावर सदुसष्ट लिहून, ताठ मानेने गाडीकडे निघाल्या. त्यांच्या पांढऱ्या केसांत कुरमुरे अडकले होते. मी काही सांगितलं नाही.