हातानं आवळायचा नट

आमच्या टॉकीजच्या प्रोजेक्टरचा बल्ब पेटायला वेळ घेऊ लागला आणि दोष माझ्यावर आला. घरात दूध नासलं तरी तो माझ्यावरच यायचा, त्यामुळे त्याचं नवल वाटलं नाही. या वेळी मामंजींनी तो मालकांसमोर माझ्या गळ्यात घातला, हे मात्र नवं होतं.

मामंजी म्हणजे माझे सासरे. उभी हयात त्यांनी प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये ऑपरेटर म्हणून काढली. नजर अधू झाली तेव्हा त्यांनी आधी मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हाताशी घेतलं, पण आमचं ध्यान ठिणगी उडाली की दाराकडे पळायचं. शेवटी त्याला गेटवर तिकिटं फाडायला बसवलं आणि नाइलाजानं मला शिकवलं. शिकवलं कसलं, ते शिव्या देत गेले आणि मी त्यातून कामाचं तेवढं वेचत गेले. बाईच्या जातीला यंत्र कळत नाही, हे तर मी रोज चहाबरोबर गिळत होते.

बटण दाबलं की ठिणगी पाडणारा इग्नायटर कडकड वाजायचा, पण उजेड काही पडायचा नाही. पुन्हा दाबायचं, पुन्हा कडकड. खाली लोक शिट्ट्या मारायचे, खुर्च्या आपटायचे. मग केव्हातरी लहर आल्यासारखा दिवा पेटायचा. एके दिवशी मालक स्वतः जिना चढून वर आले.

"काय भानगड आहे ही?"

"खरं सांगू का मालक?" मामंजी म्हणाले. "सूनबाईचे हात. स्वयंपाक करून येते आणि तसेच तेलकट हात काचेला लावते. मी कानीकपाळी ओरडून थकलो."

हातमोजे घातल्याशिवाय मी त्या बल्बला कधी शिवले नव्हते, आणि हे मामंजींना पक्कं ठाऊक होतं. नवरा दारात उभा होता. त्यालाही ठाऊक होतं. तो आपल्या चपलेचा अंगठा बघत राहिला.

"शुक्रवारी नवा सिनेमा लागतोय," मालक म्हणाले. "पहिल्या खेळाला दिवा एका दमात लागला नाही, तर बाईंनी घरी बसावं. मी बाहेरून माणूस आणतो."

घरी बसावं! त्या घरात एक दार असं नव्हतं की जे मी आतून लावून घेऊ शकेन. केबिनला होतं. खेळ सुरू झाला की मी कडी लावायची, आणि तो संपेपर्यंत मला हाक मारायची कुणाची टाप नव्हती. ती केबिन मी सुखासुखी सोडणार नव्हते.

मी हात धुऊन त्या दोषाच्या मागे लागले. मामंजींकडून शिलकीतला नवा बल्ब बसवून घेतला, तरी तीच रड. पुरवठ्याला मीटर लावला, व्होल्टेज जिथल्या तिथे. इग्नायटरची ठिणगी तर कानठळ्या बसवणारी. बल्ब नवा, वीज पुरेशी, ठिणगी जोरकस. मग ही सगळी वरात बल्बच्या दारापर्यंत पोचून आत का जात नव्हती? उरली फक्त बल्बच्या टोकाला येणारी जाड तार. ती एका नटानं बसवलेली असते, आणि तो नट मामंजींचा होता.

त्याला पाना लावायचा नाही, हा आमच्या केबिनचा कायदा. जोर जास्त झाला तर काच तडकते, आणि तडकलेला बल्ब फुटला तर समोरच्याचं तोंड ओळखू येत नाही. म्हणून नट हातानंच आवळायचा, आणि तोही घरातल्या थोरल्यानंच. रोज पहिल्या खेळाआधी मामंजी यायचे, तोंडावर जाळीदार मुखवटा चढवायचे, मला बाहेर काढायचे आणि थोड्या वेळानं "झालं" म्हणत गड जिंकल्याच्या थाटात उतरून जायचे. त्या नटावर संशय घ्यायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

बुधवारी ते गेल्यावर मी वीज तोडली, मुखवटा आणि मोजे चढवले आणि झाकण उघडलं. बोट लावताच नट फिरला. तारेचं टोक जळून काळं पडलं होतं. मी ते घासून लख्ख केलं, नट आवळला, झाकण लावून बटण दाबलं. भप्पकन उजेड! म्हाताऱ्याच्या बोटांतली ताकद गेली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. मी एकटीच खो खो हसले.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग रोज त्यांच्या मागून गुपचूप आवळत जा ना. म्हातारपणी त्यांची शोभा कशाला? तेवढंच तर उरलंय त्यांच्याकडे."

"आणि माझ्याकडे काय उरलंय?"

"तू समजूतदार आहेस."

समजूतदार म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्यानं सांगितलं तसं करणं सोपं होतं. पण मी केबिनमध्ये गेले आणि नट मामंजींनी ठेवला होता तेवढाच ढिला करून ठेवला.

शुक्रवारी सकाळी मी मालकांना वर बोलावलं. नवराही आला, झाडूवाली आली. सगळ्यांना लांब उभं केलं.

"मामंजी, आज जरा जोर लावून आवळा हं. मालक बघतायत."

ते खुलले. मुखवटा आणि मोजे चढवून त्यांनी नट धरला. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, दात आवळले गेले.

"झालं."

"अजून थोडा?"

"अगं, याच्यापुढे काच जाईल. तुला काय कळतंय त्यातलं?"

मुखवटा आणि मोजे घालून मी पुढे झाले. अंगठा आणि करंगळी लावली, नट फिरवून काढला आणि मालकांच्या तळहातावर ठेवला.

मालक ठसका लागेपर्यंत हसले. मी नट पुन्हा बसवला, नीट आवळला, झाकण लावलं आणि बटण दाबलं. दिवा एका दमात लागला. मामंजींनी दिव्याकडे पाहिलंच नाही. मोजा काढून ते आपला हात उलटसुलट करून बघत होते. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त बरं वाटलं.

केबिन माझी झाली. पण मालकांना ती गंमत सिनेमापेक्षा आवडली. कुणी पाहुणा आला की त्याला घेऊन वर येतात, मामंजींना बोलावणं धाडतात. "आवळा बघू, पैलवान!" ते आवळतात. मग माझ्याकडे वळून, "बाई, सोडवा." मी एकदा म्हटलं, "मालक, खेळाची वेळ झाली." त्यावर ते गोड हसून म्हणाले, "बाहेरून माणूस आणायला मला वेळ लागत नाही." तेव्हापासून मी मुकाट्यानं सोडवते.

मामंजींनी येऊ नये ना! पण ते येतात. घरी कोपऱ्यात बसून ओला टॉवेल पिळत असतात, पाणी संपलं तरी पिळत असतात. कपडे दुसऱ्या कुणाला पिळू देत नाहीत.

काल पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळे पांगल्यावर मामंजींनी मला जिन्यात गाठलं. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "सूनबाई, खरं सांग. आज सोडवताना जरा जड गेला ना?"

एवढं एक खोटं बोलले असते, तर माझं काही बिघडलं नसतं.

"नाही," मी म्हटलं, आणि खेळ लावायला वर गेले.