कमलाकांतांच्या तबकड्या

बोईसरजवळच्या नवापूरचे कमलाकांत निवृत्तीनंतर एका खगोल वेबसाइटसाठी टॅबवर दुर्बिणीने घेतलेले फोटो तपासू लागले. जवळच्या एखाद्या तरुण ताऱ्याभोवती धुळीची तबकडी दिसली, की तिथे ग्रह घडत असावेत, असं वेबसाइटला कळवायचं. अशी तबकडी सहसा कोणाला सापडत नाही. कमलाकांतांना प्रत्येक ताऱ्याभोवती सापडली. बोईसरच्या खगोल मंडळाने ताबडतोब सत्कार ठरवला.

सत्काराच्या सकाळी मंडळाचे अध्यक्ष सुजीतराव त्यांना न्यायला आले. टॅब पिशवीत भरताना त्यांच्या पत्नी जमनाबाईंनी तोंड वाकडं केलं.

"शी! अवो, ही तबकडी कसली? तुमच्या बोटांचं सुकटीचं तेल हाय! जेवताना कशाला चिवडता ह्याला?"

त्यांनी काच पुसली. तारा राहिला, तबकडी गेली. पुढच्या ताऱ्याचीही गेली.

कमलाकांतांना स्वतःच्या बोटांची किळस आली.

"सुजीतराव, सत्कार रद्द करा. मला काही सापडलेलं नाही."

सुजीतरावांनी नाकाला रुमाल लावून विचार केला. "काका, हॉल भरलाय. तुम्ही नुसते हात धुऊन चला."

कमलाकांतांनी हात धुतले आणि वेबसाइटला आपली चूक कळवायला बसले.

हॉलमध्ये सुजीतरावांनी शोधाचं महत्त्व सांगितलं आणि शाल स्वतःच्याच खांद्यावर घेतली. टाळ्या बऱ्या पडल्या.