बसलं, पण कुठे?

सकाळी साडेदहाला डोळ्यांच्या दवाखान्यातली सगळी माणसं रिपोर्टच्या खोलीत दाटीवाटीने उभी होती, कारण महाराज आले होते. महाराज म्हणजे आमचा कॉम्प्युटरवाला. रिपोर्टच्या प्रोग्रामला दर महिन्याला एखादं नवं मॉड्यूल, म्हणजे तयार सुटा भाग, लागायचं. रिपोर्ट काढणाऱ्या ताई ते बसवायच्या. कॉम्प्युटर 'बसलं' असं सांगायचा, आणि प्रोग्राम सुरू करताच 'असं मॉड्यूलच नाही' म्हणून अडायचा. मग फी मोजून महाराजांना बोलावणं जायचं.

"चपला बाहेर, मोबाईल बंद," महाराज म्हणाले. "आणि सगळ्यांनी पाठ फिरवा. लिनक्स आहे हे, नेहमीचं विंडोज नव्हे, ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. त्याला माणूस कळतो."

सगळ्यांनी पाठ फिरवली. दोन मिनिटं खटखट झाली आणि प्रोग्राम सुरू! नर्सबाईंनी चक्क हात जोडले.

"हातगुण लागतो," महाराज बोटं मोडत म्हणाले. "ताईंचा हात मशीनला सोसत नाही, त्याला मी काय करू?"

दवाखाना चालवणाऱ्या साहेबांनी तेवढंच धरलं. सोमवारपासून ताई तळघरात, जुन्या फायलींवर, असा बदलीचा कागदच काढला. अकरा वर्षं ती खुर्ची सांभाळलेली बाई. "साहेब, कागदावर लिहिलंय तेच टाइप करते हो मी," एवढंच त्या म्हणाल्या.

मला राग यायला हवा होता. आला नाही. बायको गेली त्याला वर्ष झालं, तेव्हापासून मला कशाचंच काही वाटत नाही. जेवतो, सह्या करतो, घरी जातो. पाठ फिरवायचाही मला कंटाळा. त्यामुळे समोरच्या माझ्या हिशेबाच्या टेबलावरून तीन महिने मी महाराजांची करामत निवांत बघत होतो. इतरांसाठी झाकली मूठ सव्वा लाखाची, माझ्यापुढे ती उघडीच होती.

दुपारी ताई खण रिकामा करू लागल्या. मी म्हणालो, "तो तुमचीच ओळ टाइप करतो. फक्त तिच्याआधी एक लांबलचक पत्ता घालतो."

"कसला पत्ता?"

"पायथनचा काहीतरी."

ताई खणासमोर तशाच थांबल्या. "अहो, मशीन 'बसलं' म्हणतं," त्या हळूच म्हणाल्या, "पण कुठे बसलं, हे मी कधी विचारलंच नाही!"

त्यांनी विचारलं. कॉम्प्युटरने निमूटपणे दोन पत्ते दाखवले. प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलाय ते पायथन या मशीनवर दोनदा होतं, एक जुनं, एक नवं. ताईंच्या ओळीने मॉड्यूल जुन्यात बसायचं, आणि प्रोग्राम ते नव्यात शोधायचा. शेजाऱ्याच्या घरात सामान ठेवून आपल्या कपाटात शोधण्यातला प्रकार. दोन्ही पायथन महाराजांनीच टाकलेली. ताईंना लिहून दिलेला कागदही त्यांचाच.

ताईंनी साहेबांना बोलावलं. महाराजांनी सकाळी बसवलेलं मॉड्यूल काढून टाकलं, नव्या पायथनचा पत्ता आधी घालून त्याच हाताने पुन्हा बसवलं. प्रोग्राम चालला. चपला पायातच होत्या.

साहेब पडद्याकडे वाकले. "पण महाराजांचा हातगुण..."

"साहेब, हातगुण नाही, पत्ता आहे. तुम्ही टाइप करा, तुमच्याही हाताने चालेल."

साहेबांनी एका बोटाने टाइप केलं. चाललं. बदलीचा कागद त्यांनी तिथेच फाडला.

सगळे गेल्यावर ताई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला हे तीन महिने दिसत होतं?"

"हो."

त्यांनी मान फिरवली. खणातलं सामान पुन्हा लावत राहिल्या. वर्षभरात पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, आणि ती लाज होती.

म्हणून सांगतो. जो 'बघू नका' म्हणतो, त्याच्याकडे आधी बघा. मशीन असो की माणूस, कारणाशिवाय काही बिघडत नाही आणि कारणाशिवाय दुरुस्तही होत नाही. ते कारण विचारा. आणि दिसलं तर त्याच दिवशी बोला. फसवणारा एकटाच होता. त्याचं तीन महिने चाललं, ते मी गप्प बसलो म्हणून.