गावंड्यांची दुसरी लेन्स

शालिग्राम गावंडे रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या मुलीनं, निधीनं, हैदराबादहून त्यांना एक कॅमेरा पाठवला आणि चौबे कॉलोनीतल्या त्या दोन माणसांच्या घरात भांडायला नवा विषय आला.

कॅमेऱ्यासोबत एक लेन्स आलीच होती. बारकीशी, हलकी, घरातले वाढदिवस आणि सत्यनारायण निघून जातील अशी. तेवढ्यावर गावंड्यांचं सुखात चाललं असतं. पण ते दर रविवारी सकाळी तेलीबांधा तलावावर जमणाऱ्या फोटोवाल्यांच्या टोळक्यात जाऊ लागले, आणि तिथल्या भार्गव सरांनी त्या लेन्सकडे असं पाहिलं की गावंड्यांनी ती मुठीतच झाकून घेतली. भार्गव सर कॉलेजात गणित शिकवायचे आणि माणसांशीसुद्धा आकड्यांतच बोलायचे. "पक्षी चाहिए ना अंकल? तो चारसौ भी कम है. सीधा छहसौ लो." आकडा जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं, एवढं गावंड्यांना कळलं. आयुष्यभर गाड्यांचे नंबर तोंडपाठ ठेवलेला माणूस. महिनाभरात ते झोपेतही सहाशे म्हणू लागले.

इंदूबाईंचं मात्र वेगळंच होतं. दुपारी नवरा आडवा झाला की त्या कॅमेरा उचलून गच्चीवर जायच्या. कढीपत्त्याच्या पानाखाली फुलपाखरानं घातलेलं अंडं, जास्वंदीच्या कळीवर चढणारा मुंगळा, असलं काहीतरी त्यांना टिपायचं असायचं. पण जरा जवळ गेलं की कॅमेरा नुसताच घुरघुरायचा आणि सगळं धूसर.

"याले दुरून दिसते, जवळचं दिसत नाई," त्या एकदा म्हणाल्या. "तुमच्यासारखंच हाय."

मग त्यांना कुठूनसं कळलं, की अगदी जवळ जाता येईल अशी एक मॅक्रो लेन्स असते. तिच्यातून म्हणे मुंगीच्या मिशासुद्धा मोजता येतात. झालं. एका घरात एक कॅमेरा, आणि एकाला सहाशे पाहिजे, दुसरीला मुंगीच्या मिशा.

इंदूबाईंचा वाढदिवस जवळ आला तसा निधीचा फोन आला. हिंदी मुलखात वाढल्यानं ती लहानपणापासून मराठी ऐकायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. "मम्मी, इस बार लेन्स मेरी तरफ से. लेकिन एक ही. दोनों मिलके डिसाइड कर लो." एवढं बोलून तिनं लगेच फोन ठेवला. त्याच घरात वाढलेली पोट्टी ती, पुढं काय होणार हे तिला ठाऊक होतं.

"वाढदिवस माह्या हाय," इंदूबाई म्हणाल्या.

"कॅमेरा माह्या हाय," गावंडे म्हणाले.

"मंग लावा नुसता कॅमेरा डोळ्याले, बिनालेन्सचा."

"अवं, मुंग्याइचे फोटो काढून करतं काय? त्याईले द्यायचे हायेत का घरी लावाले?"

"अन् तुमचे बगळे काय अल्बम मागून राहिले?"

दोन दिवस असंच चाललं. तिसऱ्या दिवशी दोघं स्कूटरवर बसून शंकर नगरच्या दुकानात गेले. दुकान यशदीप नावाच्या मुलाचं होतं. त्यानं दोघांचं म्हणणं आलटून पालटून ऐकलं, नंतर एकदम दोघांचं ऐकलं, आणि शेवटी काउंटरवर दोन्ही लेन्स मांडल्या. एक वितीत मावेल एवढी. दुसरी एखाद्या तान्ह्या बाळासारखी, दोन्ही हातांनी घ्यावी लागणारी.

"आंटी, अंकल, आज खरीदो मत," तो म्हणाला. "दोनों किराये पे ले जाओ. एक संडे चलाओ. फिर बताना."

भार्गव सरांचं टोळकं त्या रविवारी गिधव्याच्या तलावावर जाणार होतं. थंडीत तिथं लांबलांबचे पक्षी उतरतात. गावंडे भार्गव सरांच्या गाडीत पुढे बसले, सहाशेची लेन्स मांडीवर घेऊन. इंदूबाई मागे, डब्यातल्या पुऱ्या सांभाळत. घरून निघण्याआधीच करार झाला होता: ऊन कोवळं असेतो कॅमेरा गावंड्यांचा, त्यानंतर इंदूबाईंचा.

तळ्यावर धुकं होतं. पलीकडच्या काठाला कादंब हंसांचा थवा बसलेला दिसत होता, म्हणजे करड्या ठिपक्यांची एक ओळ दिसत होती. गावंड्यांनी लेन्स चढवली आणि डोळा लावला. केवढं जवळ! पण हात हलला की हंस गायब आणि नुसतं पाणी. परत शोधावं तर आकाश. परत शोधावं तर एक म्हैस. लेन्सच्या वजनानं डावा दंड भरून आला. ट्रायपॉड घ्या असं भार्गव सरांनी सांगितलं होतं, पण गावंड्यांना वाटलं होतं, रेल्वेत एवढी पार्सलं उचलली, हिचं काय. तासाभरानं त्यांनी कॅमेऱ्यात पाहिलं. पाण्याचे फोटो फार सुंदर आले होते. म्हशीचाही एक बरा होता.

"झालं ऊन कडक," मागून आवाज आला. "द्या इकडं."

इंदूबाईंनी आपली छोटी लेन्स लावली आणि तळ्याकडे पाठ करून, काठावरच्या गवतात चक्क पालथ्या पडल्या. पदर कमरेला खोचलेला, कोपरं मातीत, चष्मा कपाळावर. भार्गव सर चपापले.

"आंटीजी को चक्कर आया क्या?"

"नाई, फोटो काढून राहिली," गावंडे ओशाळून म्हणाले, आणि रिकामी सहाशेची लेन्स छातीशी धरून दुसरीकडे पाहू लागले.

मातीतून एक जाडजूड पांढुरकी अळी वर आली होती. इंदूबाई तिच्यावर इतक्या जवळून रोखून बसल्या होत्या, की अळीला हलायलाही संकोच व्हावा. तेवढ्यात एक हुदहुद उडत आला आणि त्यांच्या समोर उतरला. डोक्यावर तुरा, पंखांवर काळेपांढरे पट्टे, लांब वाकडी चोच. गावंडे जागच्या जागी थिजले. महिनाभर ज्याच्यासाठी तळमळलो ते हेच! आणि कॅमेरा कुठं, तर गवतात.

"इंदू," ते दबक्या आवाजात म्हणाले. "अवं इंदू! पक्षी!"

"थांबा ना, आत्ता कुठं तोंड दिसून राहिलं हिचं."

"कोनाचं तोंड?"

"अळीचं!"

हुदहुदालाही अळीच हवी होती. तो दुडुदुडु चालत आला, तुरा फुलवला, आणि इंदूबाईंच्या लेन्ससमोरून त्यानं ती अळी अलगद उचलली. इंदूबाईंचं बोट बटणावरच होतं. ते दचकून दाबलं गेलं.

"मेल्यानं माही अळी नेली!" त्या ओरडल्या.

पण हुदहुद काही पळाला नाही. अळी गिळून तिथंच माती टोकरत राहिला. गावंड्यांना एवढंच दिसलं की अजून वेळ आहे. त्यांनी कॅमेरा ओढून घेतला, घाईघाईनं लेन्स बदलली, डोळा लावला आणि बटण दाबलं. लेन्स नुसती घुर्र घुर्र करत राहिली. समोर तपकिरी धूर.

"ज़्यादा पास है अंकल!" भार्गव सर कुजबुजले. "पीछे! पीछे जाओ! इतने पास फोकस नहीं होगा!" आणि हे सांगता सांगता ते स्वतःही आपली भलीमोठी लेन्स घेऊन मागे सरकू लागले, कारण त्यांनाही तो पक्षी तेवढाच जवळ होता.

तर दोन वयस्क माणसं, डोळे कॅमेऱ्याला चिकटवून, दोन बाजूंनी तळ्याकडे मागं मागं चालली. हुदहुदाला वाटलं असेल, ही माणसं आपल्याला घाबरली. तो चार पावलं पुढं आला. हे आणखी मागं. गावंड्यांना धूर जरासा निवळल्यासारखा वाटला, तुरा दिसला, चोच दिसली, "आला, आला," असं ते म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांचा खांदा भार्गव सरांच्या खांद्यावर आदळला. दोघांखालची ओली माती सरकली. एक मोठा पचक असा आवाज झाला. मग दोघं कमरेपर्यंत चिखलात बसलेले दिसले, आणि दोघांचेही हात कॅमेऱ्यासकट सरळ वर.

हुदहुद उडाला.

इंदूबाई धावत आल्या. गावंड्यांनी बायकोकडे केविलवाणं पाहून एक हात पुढं केला.

"आधी लेन्स द्या," इंदूबाई म्हणाल्या. "किरायाची हाय. तुमचं मंग पाहू."

कॅमेऱ्यासकट लेन्स हातात आल्यावर, ती बिघडली तर नाही ना एवढं बघायला म्हणून त्यांनी ती डोळ्याला लावली आणि पलीकडच्या काठाकडे वळवली. आणि तशाच उभ्या राहिल्या. सकाळपासून ज्यांच्याकडे त्यांनी ठिपके म्हणून ढुंकूनही पाहिलं नव्हतं, ते हंस एकाएकी समोर होते. एकानं मान पाठीत खुपसून डोळा मिटला होता. शेजारचा एका पायावर उभा राहून डुलक्या घेत होता आणि पडायला लागला की दचकून सावरत होता, अगदी दुपारच्या पॅसेंजरमधल्या माणसासारखा. इंदूबाईंना हसू आलं.

"इंदू, मी निंघू का बाहेर?" चिखलातून आवाज आला.

"निंघा ना," त्या म्हणाल्या. डोळा काही काढला नाही. "पण आवाज नका करू. झोपले हायेत ते."

संध्याकाळी घरी, गरम पाण्यानं दुसऱ्यांदा अंघोळ करून आल्यावर गावंड्यांनी दिवसभराचे फोटो पाहिले. इंदूबाईंच्या त्या एका फोटोत हुदहुदाची अर्धीच मान होती. पण चोचीच्या टोकात ती अळी होती, तिच्या तोंडावरचा ठिपका न् ठिपका स्पष्ट, आणि पक्ष्याच्या डोळ्यात आभाळ. गावंड्यांनी तो दोनदा मोठा करून पाहिला. मग त्यांनी तो फोटो टोळक्याच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: फोटो – गावंडे.

कौतुकाचा पाऊस पडला. भार्गव सरांनीसुद्धा, कुठलाही आकडा न घालता, "अद्भुत" एवढंच लिहिलं. इंदूबाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"हा गावंडे कोन?"

"अवं, आपन दोघंही गावंडेच ना?"

"हव. चिखलात बसलेला एक, अन् फोटो काढनारी एक," इंदूबाई म्हणाल्या. "लिहा तसं." आणि गावंड्यांना मुकाट्यानं तसं लिहावं लागलं. त्यावर तर आणखीच कौतुक झालं.

दुसऱ्या दिवशी लेन्स परत करायला दोघं शंकर नगरला गेले. यशदीपनं विचारलं, "तो फायनल? कौन सा?"

"मॅक्रो," गावंडे म्हणाले.

"सहाशे," इंदूबाई म्हणाल्या.

यशदीपनं मान डोलावून बिल करायला घेतलं, मग थांबला. "एक मिनट. पहले तो उल्टा था ना?"

उलटंच होतं. गावंड्यांना कळून चुकलं होतं की छोट्या लेन्सनं दंड दुखत नाही, चिखल लागत नाही, घरच्या गच्चीवर स्टुलावर बसून जगभराचं कौतुक मिळवता येतं. आणि इंदूबाईंच्या डोळ्यांसमोरून तो डुलक्या घेणारा हंस जायला तयार नव्हता.

"तुले मुंग्याच पाह्यच्या होत्या ना?" गावंडे म्हणाले.

"मुंग्या खाली वाकलं की दिसतात," इंदूबाई म्हणाल्या. "ते पाखरू मले या जन्मात दिसलं नसतं."

बायको दुकानदाराकडे नाही, आपल्याकडेच पाहते आहे हे गावंड्यांच्या लक्षात आलं. या लेन्सच्या भांडणाआधी एवढ्या वर्षांत तिनं स्वतःसाठी असं ठासून काही मागितल्याचं त्यांना आठवेना.

"देऊन टाक बावा सहाशे," ते यशदीपला म्हणाले. "बर्थडे हिचा हाय. अन् एक ट्रायपॉडही दे. तो माह्याकडून."

घरी जाताना इंदूबाई कॅमेरा गळ्यात अडकवून आणि खोकं पोटाशी धरून मागे बसल्या होत्या. तेलीबांध्याशी आल्यावर त्यांनी गावंड्यांच्या खांद्यावर टकटक केली. "थांबवा जरा."

गावंडे स्कूटर लावून चहा आणायला गेले. दोन कप घेऊन आले तर बायको कठड्याशी उभी, डोळा लेन्सला, आणि फिरायला आलेली माणसं तिला वळसा घालून जात होती.

"काय दिसून राहिलं?" त्यांनी विचारलं.

"पाणकावळा. पंख वाळवून राहिला."

"मले पाहू दे ना."

"थांबा."

गावंडे दोन्ही हातांत कप धरून थांबले. एक त्यांनी पिऊन टाकला. जरा वेळानं दुसराही.

"आता तरी?"

"थांबा म्हटलं ना. इकडंच पाहून राहिला तो."

गावंड्यांनी रिकामे कप एकात एक घातले आणि आणखी दोन आणायला निघाले.