पंख्यासमोर घेतलेलं माप

चाकणच्या आमच्या कारखान्यात हात आत गेला की पत्रा दाबणारी प्रेस थांबवणारा प्रोग्राम माझा. त्याला किती वेळ लागतो, तेही मीच मोजलं होतं. मोजलं कसलं! प्रोसेसरचे ठोके मोजले आणि त्यावर छापलेल्या वेगाने भागून मोकळी झाले. प्रोसेसर ज्यात बसवला होता त्या पॅनेलसमोर कामगारांनी टेबलफॅन लावलेला असायचा, म्हणून प्रोसेसर तापत नव्हता आणि आकडा बरोबर येत होता.

ऑडिटला पाहुणे येणार म्हणून आमचे मॅनेजर सुरेंद्रसाहेबांनी पंखा हलवायला लावला. बरा दिसत नाही म्हणे! दुपारी प्रोसेसर तापला आणि त्याने आपला वेग निम्म्यावर आणला. ठोके तेवढेच, वेळ दुप्पट. प्रेस थांबली, पण ऑपरेटर धनेशची दोन बोटं गेल्यावर.

चौकशीत साहेबांनी माझाच आकडा फडकवला. मशीन वेळेत थांबते, माणूस गाफील होता. मी तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. पट्टी बांधलेला हात छातीशी धरून धनेश म्हणाला, "मॅडम, माझंच चुकलं. पॅनेल तापतं हे ठाऊक असून पंखा मीच उचलला."