काटेबाबाचं खारट तीर्थ

साखर पेठेत आबासाहेबांच्या हातमाग कारखान्यापुढं गर्दी मावत नव्हती. तिथं बसलेल्या एका बाबाच्या लाकडी पेटीत काचेखाली काटा होता आणि पेटीतून निघालेल्या दोन तारांना दोन पितळी वाट्या. वाट्या धरून खोटं बोललं की काटा उडतो म्हणे. लोक त्याला काटेबाबाच म्हणत. "देवी काट्यात उतरते," बाबा डोळे फिरवून सांगत होता. देवीला उतरायला बॅटरी लागते, हे मला नवीनच होतं.

आबासाहेबांच्या बायकोची बोरमाळ हरवली होती. त्यांच्या मुनिमानं आणि भाच्यानं बाबाच्या हातचा हळदीचा भंडारा तळहाताला चोळून, वाट्या धरून शपथ घेतली. काटा हलला नाही. मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या नागम्माच्या ओंजळीत मात्र बाबानं तीर्थ ओतलं, आणि तिनं वाट्या धरताच काटा टोकाला गेला. संध्याकाळपर्यंत माळ आली नाही, तर तिचं काम जाणार होतं आणि आवारातली खोलीही.

"मास्तर, म्या माळ बगितली बी न्हाय," ती म्हणाली. "तीर्थ सांडू नये म्हणून उरलेलं तोंडात घातलं, तर खारट लागलं की."

मला चैन पडेना. शाळेत विज्ञान मीच शिकवतो. शाळेतली बॅटरी आणि वीज दाखवणारा काटा घरी आणला. बॅटरीची एक तार काट्यातून एका वाटीला जोडली, दुसरी सरळ दुसऱ्या वाटीला. कोरड्या हातांनी काटा जेमतेम थरथरला. मिठाच्या पाण्यात हात बुडवून मी माझं खरं नाव सांगितलं, तर काटा टणकन उडाला. संतापानं माझं डोकं भणभणलं.

तसाच परत गेलो. आबासाहेबांना म्हटलं, बाबाचंच तीर्थ हाताला लावा, बाबाच्याच वाट्या धरा आणि फक्त स्वतःचं नाव सांगा. देवी आता झोपली, असं म्हणत बाबा पेटी आवरू लागला. पण आबासाहेब हट्टी; त्यांनी तीर्थ लावून वाट्या धरल्याच.

"मी आबासाहेब," ते म्हणाले. काटा टोकाला गेला.

"मंजे मालक, तुमी आबासाहेब न्हाय व्हय?" गर्दीतून बिरदेव हमालानं विचारलं. लोक हसले. नागम्मा हसली नाही.

मी सांगितलं, ओल्या खारट हातातून वीज सहज जाते, कोरड्या भंडाऱ्यानं अडते. बाबा भंडारा कुणाला देतो आणि तीर्थ कुणाला, एवढंच बघा.

आबासाहेबांनी मान खाली घातली आणि काम आणि खोली तुझीच, असं नागम्माला पुटपुटले. हात पुसून नागम्मानं पुन्हा वाट्या धरल्या, तरी काटा थोडा हललाच.

"आता का हलला?" आबासाहेबांनी विचारलं.

"तिला घाम फुटलाय," मी म्हणालो. "तुम्ही सगळ्यांनी मिळून फोडलाय."

मग गर्दीला म्हणालो, माळ कुठं आहे, ते पेटीला ठाऊक नाही. शोधा, विचारा, पुरावा मागा. आणि हात ओले दिसले, तर आधी ते कुणी भिजवले ते बघा.